‘अहो’ नव्हे, ‘अको’

जपानमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात माझ्याविषयी आणि माझ्या पत्नीविषयी जो लेख आला आहे, तो वाचून ग्योतोकुपासून एदोगावापर्यंत अनेकांचे डोळे पाणावले, असे सूनबाई सांगते. पाणावले असतील. लेख खोटा आहे.

लेखातली हकिकत अशी. पत्नीची स्मृती गेली आहे. ती कुणालाच ओळखत नाही. एके दिवशी घरात एक गाणे लागते. तरुणपणी पुण्याला पतीने ऐकवलेल्या इंग्रजी गाण्यांची चाल तिला त्यात सापडते, आणि इतक्या काळानंतर ती पतीला ‘अहो’ अशी हाक मारते. शेवटी लेखकाने प्रेमाविषयी दोन परिच्छेद लिहिले आहेत. त्यांबद्दल मी काही बोलत नाही.

पहिली गोष्ट, ते गाणे इंग्रजी नाही. ते मनिलाच्या चार मुलांच्या एका रॉक बँडचे आहे. आमच्या सौभाग्यवतीला सकाळी गाडी येऊन डे-सर्व्हिसला, म्हणजे दिवसभर वृद्धांना सांभाळणाऱ्या केंद्रात, घेऊन जाते. तिथे एक फिलिपिनो बाई काम करतात. जेवणानंतर म्हाताऱ्या पेंगू लागल्या की त्या आपल्या कॉलेजच्या दिवसांतला हा अल्बम लावत. केंद्रात हिने त्यावर मान डोलावलेली पाहून त्यांनी आपली सीडी आम्हाला उसनी दिली.

मुलाने ती ऐकली आणि म्हणाला, “बाबा, ही तर सरळ कॉपी आहे. तुमच्या त्या ब्रिटिश बँडांची.”

“कॉपी करणाऱ्याला आपण कॉपी करतोय याची लाज असते,” मी म्हटले. “या मुलांना ती नाही. नीट ऐक.”

“ऐकतोय ना.”

“कान तुझा स्टेशनच्या घोषणेकडे असतो.”

मी त्याला एकेक जागा दाखवली. पायरी-पायरीने खाली उतरणारा बास, मध्येच वर येणारी ट्रंपेट, ध्रुवपदात तीन आवाजांनी एकमेकांवर रेलणे, हे सारे इंग्लंडचे. मी ते विशीत तबकड्यांवर इतक्यांदा ऐकले आहे की सुई कुठे अडखळेल तेही सांगू शकेन. पण ओळ संपताना गाणाऱ्याचा आवाज जो किंचित खाली बसतो, दिवसभर उन्हात राबून घरी आलेल्या माणसासारखा, तो इंग्लंडमध्ये कुणाला साधलेला नाही. ही शागिर्दी आहे, चोरी नव्हे. नातीने आपल्या खोलीतून ओरडून सांगितले, “आजोबा, उरुसाइ!” म्हणजे गोंगाट पुरे. गाण्याचा की माझा, ते तिने स्पष्ट केले नाही.

आता दुसरी गोष्ट. आणि भांडण खरे तिच्यासाठीच आहे. आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. हिने मला उभ्या संसारात ‘अहो’ म्हटले. माझे दुसरे नाव तिच्या तोंडी नव्हते. त्या दोन अक्षरांवरून मला तिचा राग, ताप, भाजीत मीठ जास्त झाल्याची कबुली, सगळे कळत असे. स्मृती गेल्यावर तेच ‘अहो’ ती गाडीच्या ड्रायव्हरला म्हणू लागली, पार्सल आणणाऱ्याला म्हणू लागली, लिफ्टमधल्या परक्या जपानी गृहस्थाला म्हणू लागली. कोणत्याही अनोळखी पुरुषाला म्हणावे तसे. आणि मला तेवढेही म्हणेनाशी झाली. मला एवढेच हवे होते: एकदा तिने माझ्याकडे पाहून ते माझ्यासाठी म्हणावे. घरातल्या सर्वांना हे ठाऊक होते. म्हणूनच सर्वांनी ते ऐकले.

त्या रविवारी आम्ही सर्व जेवायला बसलो होतो. सीडी चालू होती. चौथ्या गाण्याच्या ध्रुवपदात तिने घास खाली ठेवला, मान वर केली आणि काहीतरी म्हणाली. मग खुर्चीवरून उठू लागली.

“बाबा! ‘अहो’ म्हणाल्या!” सूनबाईच्या हातातला डाव तसाच राहिला. “तुम्हाला म्हणाल्या!”

“‘अहो, आले’ म्हणाली,” मुलगा म्हणाला. “मी ऐकलं. ट्यून ओळखली आईने.”

मी तिच्या शेजारी होतो. माझे डोळे अधू झाले असतील, कान नाही. ती म्हणाली, “अको.” आणि मग, “आले रे.”

रे. माझ्या मुलाने ‘आले’ ऐकले आणि ‘रे’ गाळले. जिने मला जन्मात अरेतुरे केले नाही, ती मला ‘आले रे’ म्हणेल? ‘रे’ कुणाला म्हणतात, हे मंडळाच्या संपादकांना मी विचारू इच्छितो.

हिला एक धाकटा भाऊ होता. चौथ्या वर्षी तापाने गेला. त्याला ‘अक्का’ म्हणता येत नसे. तो ‘अको’ म्हणे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळत घालताना तिने मला हे एकदाच सांगितले होते, आणि पुन्हा कधीही त्याचा विषय निघाला नाही. आमच्या मुलाला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. त्या चौथ्या गाण्याच्या ध्रुवपदात प्रत्येक ओळ ‘अको’ या शब्दावर संपते, त्या किंचित बसलेल्या आवाजात. तिला कुणी अंगणातून हाक मारत होते, इतकेच.

खात्री करण्यासाठी मी तिला माझी मूळ इंग्रजी गाणी ऐकवली. तीच, जी आमच्या पहिल्या बिऱ्हाडात वाजत असत. तिने कपाळाला आठ्या घातल्या. “कुणाकडे कार्य आहे का? बंद करायला सांगा.” मग शेजारच्या घराकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले.

‘अको’चा अर्थ मी त्या फिलिपिनो बाईंना विचारला. त्या हिला गाडीत बसवून पट्टा लावत होत्या. “मी,” असे त्यांनी सांगितले आणि हसत छातीवर बोट ठेवले. मी! प्रत्येक ओळीच्या शेवटी तो गाणारा मी, मी, मी म्हणत होता, आणि त्यात मी तेवढा कुठे नव्हतो.

संपादकांना फोन करून मी शुद्धिपत्र मागितले. ‘अहो’च्या जागी ‘अको’ वाचावे, एवढेच.

“काका, एका अक्षराचा तर प्रश्न आहे,” ते म्हणाले. “लोकांना किती धीर आला त्या लेखाने. तुम्हालाही बरंच वाटायला हवं.”

“मला धीर नको, दुरुस्ती हवी.”

“बघतो, काका.” म्हणजे छापणार नाहीत.

मुलगा म्हणतो, “बाबा, समजा तुम्ही म्हणता तसंच आहे. पण सिद्ध करून मिळवायचंय काय?” काही नाही. पण तिच्याकडे आता उरले आहेच किती! त्यातला तो एक चिमुरडा भाऊ हुसकावून तिथे मला बसवायचे, ही लुच्चेगिरी मला मान्य नाही.

सीडी परत केली. केंद्राला सुटी असलेल्या एका दुपारी ती सारखी दाराशी जाऊन कडी ओढू लागली. मुलगा-सून कामावर, नात शाळेत. मी समजावले, दटावले, चहा पुढे केला. ती रडकुंडीला आली. “अहो, जरा दार उघडता का?” मला म्हणाली, अगदी माझ्याकडे पाहून. परक्या माणसाला म्हणावे तसे, अदबीने.

जे मागत होतो ते मिळाले होते. दार उघडता येणार नव्हते.

मी आतल्या खोलीत गेलो, दाराआड उभा राहिलो आणि आवाज जरा खाली बसू देऊन म्हणालो, “अको.”

“आले रे, आले,” तिने कडी सोडली. पावले आत आली. तिने माझा हात घट्ट धरला, मान मागे नेऊन माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि तिचा चेहरा असा उजळला, जसा माझ्यासाठी कधी उजळला होता की नाही, ते आता विचारायला कुणी नाही.

“केवढा मोठा झालास रे,” ती म्हणाली.

मी हो म्हणालो.