डब्यावरची चिठ्ठी

माझा भागीदार प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगाव जामोदच्या आमच्या दुकानात होतो. सकाळी छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आतच... पलीकडचा माणूस बोलत होता आणि माझी नजर भिंतीवरच्या इंटरनेटच्या जुन्या डब्याकडे गेली. सांगायला लाज वाटते, पण आधी रडू आलं नाही, भीती वाटली. आता याला कोण सांभाळणार?

आम्ही दोघं मिळून संग्रामपूरपर्यंतच्या गावांना इंटरनेट द्यायचो. यंत्रं चार कंपन्यांची, जशी हाती लागली तशी घेतलेली. रस्ते दोन, एक जमिनीखालची तार आणि दुसरा टॉवर. माहितीचे तुकडे ज्या घडीला जो रस्ता मोकळा दिसेल तो धरून निघत, अशी प्रल्हादची व्यवस्था होती. मागचा तुकडा आधी पोचला तरी पलीकडचं यंत्र क्रमांक पाहून लावून घेई. मला ते काही केल्या पटेना. तेव्हा तो म्हणाला होता, "अबे, वऱ्हाड दोन गाड्यायनं येते. कोणी आधी, कोणी मांगून. मांडवात सारे जमले म्हणजे झालं ना?" अपवाद फक्त त्या जुन्या डब्याचा. "हे सासरेबुवा हायेत. जरा क्रम चुकला का रुसतात." तुकडे पुढेमागे आले की तो डबा ते फेकून देई आणि पुन्हा मागवत बसे. म्हणून त्याला कायम एकाच रस्त्यावर, तारेवर ठेवलं होतं. आणि नेमके त्याच डब्यातून संग्रामपूरकडच्या एका लहानशा दवाखान्यातले ईसीजी मलकापूरच्या डॉक्टरांकडे जात.

एकदा प्रल्हाद बाहेरगावी असताना मी शहाणपणा केला. टॉवर रिकामाच दिसत होता, सासरेबुवांनाही दोन्ही रस्ते देऊन टाकले. काम झपाट्यानं होईल, तो खूश होईल असं वाटलं... अर्ध्या तासात दवाखान्यातून फोन. एका बाईच्या छातीत कळा येत होत्या आणि तिचा ईसीजी अर्ध्यावर अडकला होता. आपण काय बदललं तेच आठवेना. प्रल्हादला फोन लावला. तो ओरडला नाही. "भेऊन राह्यला काऊन? एक रस्ता बंद कर. बस." ईसीजी गेला, बाई वाचली. परत आल्यावर मात्र त्यानं डब्यावर चिठ्ठी चिकटवली, ‘हात लावायच्या आधी मले फोन कर.’ पुढे मी ती आज्ञा इमानानं पाळली. खरं तर तिच्या आड लपलो.

गेल्या आठवड्यात भरदुपारी रस्त्याच्या खोदकामात तार तुटली. बाकीची गावं आपसूक टॉवरवरून चालू राहिली, सासरेबुवा तेवढे बंद. दुकानाच्या फोनवर दवाखान्यातली नर्स, "भाऊ, पेशंट टेबलावर हाये, लवकर करा ना!" काय करायचं ते मला ठाऊक होतं. डब्याचा तारेचा रस्ता बंद करायचा, मग टॉवरचा द्यायचा, दोन्ही एकदम नाही. दोन मिनिटांचं काम. पण बोटं हलेनात. पुन्हा चुकलं तर? विचारू कुणाला? समोर चिठ्ठी होती. सवयीनं मोबाइलवरून त्याचा नंबर लावला, आणि पलीकडे रिंग वाजली तेव्हा कळलं, आपण कुणाला फोन लावलाय.

फोन शोभावहिनींनी उचलला. प्रल्हादच्या बायकोला आता काय सांगायचं? कसंबसं बोललो... डबा, तार, चिठ्ठी. सगळं ऐकून त्यांनी विचारलं,

"फोन कर म्हणून लिवलं होतं ना त्यायनं?"

"हाव, वहिनी."

"मंग केला ना तुमी फोन. आता लावा हात."

मी हात लावला. तारेचा रस्ता बंद केला, मग टॉवरचा दिला. थोड्या वेळानं नर्सनं सांगितलं, ईसीजी मलकापूरला पूर्ण पोचला. वहिनींना सांगायला मोबाइल कानाला लावला, तर त्या फोन धरूनच होत्या.

चिठ्ठी मी काढलेली नाही. वहिनी प्रल्हादचा नंबर या महिन्यात बंद करणार होत्या. अजून केलेला नाही.