जनाच्या पोरीची हळद आणि आमचं मटेरियल

दारू पिणाऱ्यांचे किस्से सगळ्यांकडे असतात. दारू सोडलेल्यांना कुणी विचारतच नाही. खरं तर पिणाऱ्याला रात्रीचं सकाळी आठवत नाही, आणि आमचं दुखणं असं की आम्हाला सगळं आठवतं. शिवाय दिवेलागणीनंतर वेळच वेळ. मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार?

आमची मीटिंग दर शनिवारी अंबरनाथ पश्चिमेला, एका बालवाडीच्या खोलीत भरते. खुर्च्या पोरांच्या मापाच्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मोठ्या माणसांना शिक्षा केलीय. मी एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेला, मला सगळे सावंतकाका म्हणतात, आणि मी चष्मा लावतो. एवढ्या एका कारणावरून 'मटेरियल' आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मटेरियल म्हणजे व्हिडिओ, पुस्तकं, सिनेमे, मोबाईलमधलं काय काय. घरी एकटं असताना घसा कोरडा पडला की माणसाला धरून ठेवेल असं काहीतरी.

यंदा हे काम अर्जंट झालं ते जनामुळे. जना बदलापूरच्या हेंद्रेपाड्याचा, स्वतःचा टेम्पो चालवतो. त्याच्या पोरीचं, पूजाचं लग्न ठरलं. आता त्यांच्याकडची हळद ज्याने पाहिली नाही त्याला सांगतो, लग्नाला नाही गेलात तरी चालतं, हळद चुकवलीत तर आयुष्यभर ऐकावं लागतं. डीजे, मटण, आणि बाटल्यांच्या पेट्यांवर पेट्या. त्यात जनाच्या भावकीत रीत अशी की नवरीच्या बापाने पहिला ग्लास उचलायचा, मग पाहुण्यांनी. पूजाने बापाला तोंडावर सांगितलं होतं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही घेतलीत तर मी पाटावरून उठून आत जाईन. मग हळद कुणाला लावायची ते तुम्ही बघा." आणि ती पोरगी बोलते तसं करते.

जना मीटिंगला येऊन माझ्या शेजारी त्या चिमुकल्या खुर्चीत कसाबसा बसला. म्हणाला, "काका, मना काहीतरी द्या. त्या दिवशी ऐकत बसतो. नायतर मी नाय टिकत."

एवढा आडदांड माणूस, पण आवाज पार गेला होता. मला वाईट वाटलं. म्हटलं, देतो शोधून. आणि तिथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

*

मोबाईलवर 'दारू कशी' एवढं टाईप केलं. पुढे मला 'सोडावी' लिहायचं होतं. फोनने आधीच सुचवलं: दारू कशी बनवतात, दारू कशी प्यावी म्हणजे वास येत नाही. 'सोडावी' खाली कुठेतरी कोपऱ्यात होतं.

शेवटी एक व्हिडिओ सापडला. एक गृहस्थ गंभीर चेहरा करून आता बोलणार, तेवढ्यात जाहिरात. समुद्र, बर्फाचे खडे, चार मित्र, हातात ग्लास, आणि खाली लिहिलेलं, सोडा. हो, आम्हीही इतकी वर्षं सोडाच पीत होतो म्हणा.

दोन दिवस मी तेच शोधत बसलो, तर फोनची समजूत झाली की ह्या म्हाताऱ्याला दारूचा भारी शौक. मग काय, उघडला फोन की कॉकटेल. आमच्या सौ.ने अळूवड्यांची रेसिपी बघायला माझा फोन घेतला आणि तशीच चष्मा वर करून माझ्यासमोर उभी राहिली. "सोडलीत ना तुम्ही? मग जिनमध्ये लिंबू कुठल्या बाजूने पिळायचं हे कशाला बघताय?"

मी म्हटलं, अगं, जनाच्या पोरीच्या हळदीसाठी बघतोय.

हे उत्तर मी आधी मनात म्हणून बघायला हवं होतं.

*

मग हरीश म्हणाला, "काका, पिक्चर दिखाते हैं." हरीश उल्हासनगर कॅम्प पाचचा, जीन्सचं दुकान आहे. सिंधी माणूस, मराठी झकास बोलतो, पण उत्साहात आला की हिंदी सुरू. त्याने घरून टीव्ही आणला, आणि दारूमुळे वाया गेलेल्या एका माणसाचा सिनेमा लावला. शेवटी तो मरतो, त्यामुळे चांगला परिणाम होईल असा ह्याचा हिशोब.

परिणाम झाला ना. हिरो मरायला पावणेतीन तास घेतो आणि तोवर काय सुंदर पितो! पावसात पितो, गच्चीवर पितो, आणि प्यायला की प्रत्येक वेळी आधीपेक्षा देखणा दिसतो. सगळे असे बघत होते की मला घाम फुटला. मध्येच एकाने आवंढा गिळला, तो आवाज मला पलीकडच्या भिंतीशी ऐकू आला.

संपल्यावर मी विचारलं, काय शिकलो आपण? मग हरीशच हळूच म्हणाला, "साईं, गच्चीवाल्या सीनमध्ये ब्रँड कौनसा था?"

सगळ्यांना बाहेर नेऊन उसाचा रस पाजला, आणि प्रत्येकाला रिक्षात बसवून दिल्यावरच मी घरी गेलो.

*

आमच्यात किरण नावाचा एक तरुण आहे, कंप्युटर कंपनीतला. त्याचं सगळं इंग्रजीत. तो म्हणाला, काका, तुम्ही आउटडेटेड आहात, पॉडकास्ट ऐकवू या. ऐकवलं. परदेशातली एक बाई अतिशय गोड आवाजात सांगत होती आणि किरण मराठी करत होता. प्यायची इच्छा झाली की टबमध्ये गरम पाणी भरा, मेणबत्ती लावा, तासभर पडून राहा.

जना म्हणाला, "आमच्याकडं पाणी सकाली येतं. आणि इच्छा संध्याकाली होते."

पण किरण कुठला ऐकतोय. त्याच बाईने सांगितलं होतं की दारूऐवजी कोंबुचा प्या. म्हणजे चहा आंबवून करतात ते काहीतरी. ह्याने ऑनलाइन मागवलं आणि शनिवारी बाटल्या घेऊन हजर. जनाने झाकण उघडलं, फुस्स झालं, वास घेतला, आणि महिनाभर उतरलेला त्याचा चेहरा एकदम फुलला.

"काका, ही तं आमच्या मामाच्या गावची ताडी!"

मी बाटली हिसकावून चष्म्यातून लेबल वाचलं. अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं की थोडंसं अल्कोहोल असू शकतं. दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला हा शहाणा आंबवलेलं घेऊन आला होता. सगळ्या बाटल्या मी स्वतः मोरीत ओतल्या. त्या वेळी मी किरणला जे बोललो ते बालवाडीत बोलण्यासारखं नव्हतं.

*

त्यानंतर ॲप. आपण पीत नाही त्याचे दिवस ते मोजतं आणि हिंदीतून धीर देतं. किरणने जनाच्या फोनवर टाकून दिलं. पहिल्याच दिवशी जना कल्याणला माल उतरवून मजेत परत येत होता. डोक्यात दारूचा विचारसुद्धा नाही. बरोबर सातला फोन वाजला. 'क्या अभी आपको पीने की इच्छा हो रही है?'

"नव्हती होत," जना मला सांगत होता. "त्यानं विचारला आणि झाली."

टेम्पो बाजूला लावून त्याने मला फोन केला. मी त्याला घरी पोचेपर्यंत बोलण्यात गुंतवलं, स्पीकरवर, माझी भाजी करपली. दुसऱ्या दिवशी ॲप म्हणालं, शाब्बास, आज जश्न मनाइए. हरीशने जनाच्या हातातून फोन घेतला, वाचलं आणि विचारलं, "काका, जश्न कशाने करायचा ते पण लिहायला पाहिजे ना?"

मी स्वतः ते ॲप काढून टाकलं. कसं काढतात ते येत नव्हतं, त्यामुळे सोबत त्याचं बँकेचंही गेलं.

*

पुस्तकाचं थोडक्यात सांगतो, कारण आठवलं तरी चिडचिड होते. एक मराठी पुस्तिका मिळाली. मला वाटलं, सुटलो. जनाने ती टेम्पोत बसून दोन दिवस वाचली आणि परत आणून दिली.

"चांगली आहे काका. पण ही माझ्यासाठी नाय."

का रे?

"ह्यात सगला मद्यपी, व्यसनाधीन व्यक्ती, असा लिहिलाय. मोठ्या घरचा कोणतरी असंल. मी आपला बेवडा."

मी पुस्तिका उघडली. पहिलं वाक्य अर्ध्या पानाचं होतं. तिसऱ्यांदा वाचूनही मला कळलं नाही, आणि मी कंपनीत चाळीस वर्षं सरकारी सर्क्युलरं वाचलेला माणूस.

*

हळद आठवड्यावर आली. जनाचा साडू गावभर सांगत फिरत होता की भावजीच्या हातात पहिला ग्लास मीच देणार. जना जेवेनासा झाला. त्याच्या बायकोने मला फोन केला, "सावंतभाऊ, काय ते लवकर करा हो."

शेवटी मी वैतागलो. म्हटलं, खड्ड्यात गेले ते व्हिडिओ आणि खड्ड्यात गेली ती टबवाली बाई. किरण, तुझा फोन काढ, रेकॉर्डिंग सुरू कर, आपणच बोलू. हरीशला आधी बसवला. तो दोन वाक्यं दारूवर बोलला आणि मग जीन्सच्या मार्केटवर घसरला. किरण पहिल्याच वाक्यात 'जर्नी' म्हणाला, त्याला मी थांबवला. मग मीच बोललो. एवढ्या दिवसांचा सगळा राग होता, एका दमात बाहेर आला. परत ऐकलंही नाही, तसंच जनाच्या फोनवर पाठवून दिलं. त्याला सांगितलं, अगदीच राहवेना झालं तर कानाला लाव.

*

हळदीला मी आणि हरीश गेलो. जनावर लक्ष ठेवायला. पण मटणाची लाइन लागली आणि हरीश म्हणाला, काका, पाच मिनिटांत येऊ. त्यामुळे वेळ आली तेव्हा आम्ही दोघेही हातात ताट घेऊन मांडवाच्या दुसऱ्या टोकाला.

पूजा पाटावर बसलेली, बायका तिला हळद लावत होत्या. डीजेवाला तिचा चुलतभाऊ, त्याने जेवायला म्हणून गाणं थांबवलं होतं. साडू ग्लास भरून घेऊन आला आणि जनाच्या हातात कोंबला. भोवती सगळी भावकी. "घे रे, तू उचलल्याशिवाय आम्ही कसे उचलणार?" जनाने दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला. मी लांबून बघितलं, त्याने तो कानाला लावला. काही ऐकू येईना म्हणून आवाज वाढवला. मग पूर्ण वाढवला.

सकाळी देवाची गाणी लावायला जनाचाच फोन ब्लूटूथने डीजेला जोडला होता. तो सोडवायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

माणसाएवढ्या त्या स्पीकरांमधून माझा आवाज आला.

"जना, सावंत बोलतोय. ग्लास हातात असेल तर खाली ठेव. ठेवलास? नाही ठेवलास, मला ठाऊक आहे. तुझा तो साडू दात काढून समोर उभा असेल. त्याला विचार, जना पिऊन टेम्पोसकट नाल्यात गेला तेव्हा हा कुठे होता? तेव्हा चिखलात उतरली ती तुझी बायको, आणि ती पोरगी. शाळेच्या ड्रेसमध्ये. अँब्युलन्स येईपर्यंत तुझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आज तीच पाटावर बसलीय. बघ तिच्याकडे. बघितलंस? आता ग्लास ठेव आणि गप जाऊन जेव."

आमच्या मीटिंगचा एकच कडक नियम आहे, खोलीतलं खोलीत. आणि मी ते अख्ख्या हेंद्रेपाड्याला ऐकवलं होतं. हरीश पुटपुटला, "काका, भागते हैं."

साडूने स्वतःचा ग्लास खुर्चीखाली सरकवला. जना तसाच उभा, एका हातात फोन, एका हातात ग्लास, मान खाली.

पूजा पाटावरून उठली. सगळ्यांना वाटलं, गेली आत. ती दोन्ही गालांना हळद घेऊन आली, बापाच्या हातातला फोन घेतला आणि सरळ डीजेपाशी गेली.

"दादा, हे पहिल्यापासून लाव."