मळभातला मोगरा

भोईवाड्याच्या उतारावर चैत्रात करंजाची फुलं पडत. जांभळट पांढरी, पोह्यांएवढी. सकाळपाळीला निघालेल्या गिरणीकामगारांच्या चपलांखाली ती चुरडली जात आणि त्यांचा उग्र, ओलसर वास आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीपर्यंत चढून येई. तुमच्याकडे बर्फ वितळतं आणि मग फुलं येतात; म्हणून तुम्ही फोनवर विचारता, आजी, तिकडे वसंत आला का? मला एका शब्दात उत्तर देता येत नाही. मुंबईचा चैत्र सकाळी धुकं पांघरून येतो, दुपारी पत्रे तापवतो आणि संध्याकाळी समुद्राकडून मळभ आणून दिवसाचा निकाल राखून ठेवतो. झाडं त्या अनिश्चितीतच फुलतात. गिरणीच्या भिंतीपलीकडचा बहावा धुरातही पिवळा होई, आणि कोपऱ्यावरच्या शिरीषाचा गंध दिवस कलला की सौम्यपणे खाली उतरे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. मी नुकतीच लग्न होऊन परळच्या त्या चाळीत आले होते आणि जवळच्या शाळेत इंग्रजी शिकवीत होते. शेजारच्या खोलीत सुमतीवहिनी राहत. त्यांचे यजमान गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. त्या हिवाळ्यात एका हरताळाच्या दिवशी ते मोर्च्याला गेले, शहरात गोळीबार झाला, आणि ते घरी आले नाहीत. मृतांत ते सापडले नाहीत, जखमींत नाहीत, तुरुंगातही नाहीत. वहिनी रोज सकाळी कपाळाला कुंकू लावीत, मग गॅलरीत रॉकेलच्या डब्यात लावलेल्या मोगऱ्याला पाणी घालीत. दोन्ही कामं सारख्याच शांतपणे.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू आमच्याकडे असे. माझ्या सासूबाई, साऱ्या चाळीच्या माई, तरुणपणीच विधवा झालेल्या. त्या काळी विधवेनं कुंकू लावायचं नाही, फूल माळायचं नाही, सवाष्णींच्या घोळक्यात यायचं नाही. हे तुम्हांला समजावून सांगावं लागतं, याचं मला बरं वाटतं. माई गौर मांडीत, कैरीची डाळ वाटीत आणि बायका येऊ लागल्या की आतल्या खोलीत जाऊन बसत. कुंकू लावण्याचा मान माझा.

आदल्या दुपारी हरभऱ्याची डाळ निवडताना सुमतीवहिनींचा विषय निघाला. त्यांना बोलवायचं की नाही? समोरच्या ताराबाई म्हणाल्या, "बोलावलं आणि उद्या वाईट बातमी आली, म्हणजे?"

"आणि नाही बोलावलं, तर ती बातमी आपणच दिल्यासारखी होईल," माई म्हणाल्या आणि सुपातली डाळ पाखडू लागल्या.

ताराबाईंनी मला चिमटा काढला, की मास्तरीणबाईंच्या इंग्रजीत अशा बाईला काही म्हणत असतील. मला आठवेना. मराठीतही आठवेना.

दुसऱ्या दिवशी मी करंडा घेऊन आमंत्रणाला निघाले. कपाळाला कुंकू लावूनच बोलावणं करायची रीत होती. त्यामुळे दारात उभं राहून काहीतरी ठरवणं भाग होतं. वहिनी मोगऱ्यावर वाकल्या होत्या. मळभ आहे, कळ्या उमलायला आज उशीर होईल, एवढं म्हणाल्या आणि त्यांनी कपाळ पुढे केलं. मी कुंकू लावलं.

संध्याकाळी अवेळी पावसाचे टपोरे थेंब आले. वाळत घातलेले पापड उचलायला बायका धावल्या, परत आल्या, पन्ह्याचे पेले फिरले, तरी वहिनींचा पत्ता नव्हता. त्या सर्वांत शेवटी आल्या. हातात मिटलेल्या कळ्यांचे दोन गजरे. एक त्यांनी गौरीला वाहिला. दुसरा घेऊन, कुणाकडे न बघता, आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या. ताराबाईंचा पेला ओठांपाशीच थांबला.

"माई, हा तुम्हांला."

"वेडी की काय? मला कसला गजरा?"

"माळू नका. पण घ्या. उद्या मला इथं तुमच्या शेजारी बसावं लागलं, तर मलाही कुणीतरी आणून द्यायला हवा."

बाहेर पत्र्यावर थेंब वाजत होते. माईंनी दोन्ही हातांची ओंजळ केली. मग किंचित बाजूला सरकून त्यांनी पाटावर जागा केली आणि वहिनी कुंकवासकट तिथं बसल्या. दिवेलागणीला मी डाळीची वाटी घेऊन आत गेले, तेव्हा त्या काळोख्या खोलीत मोगऱ्याचा वास भरला होता. ओंजळ तशीच होती, आणि कळ्या उमलू लागल्या होत्या.

पुढे राज्य झालं, चाळीवर रोषणाई झाली. वहिनींचे यजमान आले नाहीत आणि बातमीही आली नाही. त्यांचं कुंकू राहिलं. दर चैत्रात दोन गजरे येत राहिले. मात्र माईंचा आधी, गौरीचा मग. ताराबाईंनी पहिल्या वर्षी नाक मुरडलं. नंतरच्या एका वर्षी त्या स्वतःच, कुंकवाशिवाय, आतल्या खोलीत बसू लागल्या, आणि गजरे तीन झाले.

त्या मोगऱ्याची फांदी लावून वाढवलेलं झाड माझ्या गॅलरीत आहे. आज सकाळपासून मळभ आहे, मधूनच ऊन चमकून जातं. कळ्या टपोऱ्या झाल्या आहेत, अजून मिटलेल्या. तुम्ही संध्याकाळी फोन कराल आणि वसंत आला का, विचाराल. काय सांगावं ते मला ठाऊक नाही. झाडाला पाणी मात्र घातलं आहे.