सहीची जागा

दिल्लीतल्या मजनू का टीला या तिबेटी वस्तीतल्या त्या खानावळीची मालकीण तिबेटी होती. सगळे तिला आमा म्हणायचे, म्हणजे आई. वय साठीचं, जन्म इथलाच. तिबेट कधी पाहिलेलं नाही.

मी आणि माझी रूममेट स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो. सूप येईपर्यंत आमची क्रांत्यांची तुलना चालायची. फ्रान्स, रशिया, आयर्लंड, मग आपला लढा. आमा टेबल पुसता पुसता ऐकायच्या. कारणं, नेते यांत त्यांना रस नव्हता. "जो बाहर चले गए थे, वो लौटे क्या?" एवढंच विचारायच्या. कुणी परतलं म्हटलं की वाटीत सूप जरा जास्त पडायचं.

एकदा त्यांनी मला त्यांचा भारतीय पासपोर्टचा फॉर्म भरायला बसवलं; जन्म इथला असल्याने त्यांना तो मिळू शकत होता. मुलगा कॅनडात. नात चार वर्षांची झाली, पण आमांनी तिला अजून कडेवर घेतलं नव्हतं. निर्वासिताच्या कागदांवर व्हिसा दोनदा नाकारला गेला होता. मी सगळं भरून दिलं. सहीपाशी आमा थांबल्या.

"इसके बाद मैं शरणार्थी नहीं रहूँगी?"

"नहीं आमा. भारतीय हो जाएँगी."

"फिर कल तिब्बत का रास्ता खुला, तो मुझे कौन बुलाएगा?"

"पोती से मिलना नहीं है?" मी विचारलं.

"बहुत मन है," त्या म्हणाल्या. पेनाला टोपण लावून त्यांनी सही न केलेला फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि त्या शेगडीकडे वळल्या.