रंगीत चोरांची घरमालकीण

वहिनींविषयी सांगायला भाऊजी हा माणूस तसा कुचकामीच. एका घरात, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे दोघांचं उतारवय गेलं, तरी वहिनी लग्नाआधी कशा होत्या, त्यांना कशाचं वाईट वाटायचं, एकट्या असताना त्या कधी हसायच्या का, असं काही विचारलं तर भाऊजी चष्मा पुसत बसतील. त्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की वहिनी जगातल्या यच्चयावत माणसांना मूर्ख समजत आणि भाऊजींना त्यातल्या त्यात निरुपद्रवी मूर्ख.

नवऱ्यालाही त्यांनी यातून सूट दिली नव्हती. थोरले भाऊ गेले तेव्हा भेटायला आलेल्या बायकांपुढे वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी माश्या पाळल्या त्या अर्धवट, संसार केला तो अर्धवट. मरायचं तेवढं मात्र एका झटक्यात उरकलं." आलेल्या बायकांना रडावं की हसावं कळेना. वहिनी उठून मागच्या अंगणात गेल्या आणि थोरल्यांनी टाकून दिलेल्या मधपेट्या एकेक करून उघडायला लागल्या.

त्या दिवसापासून माश्या वहिनींच्या झाल्या. मध विकण्यात त्यांना रस नव्हता. "मध काय, कुणीही गाळतं. गाळता येत नाही ते साखरेचा पाक करतात," असं त्या म्हणत. त्या राण्या तयार करत. एका पेटीत हजारो माश्या असल्या तरी अंडी घालणारी राणी एकच. ती म्हातारी झाली की पेटी ओस पडायला लागते, म्हणून मधपाळांना नवी राणी विकत घ्यावी लागते. काडेपेटीएवढ्या लाकडी पिंजऱ्यात एक राणी, तिच्या दिमतीला चार-सहा माश्या आणि वाटेत खायला साखरेचा गोळा, असं बांधून वहिनी ते टपालाने पाठवत. भाऊजी टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर होते. तिथले बाकीचे कारकून ती गुणगुणणारी पाकिटं पट्टीने ढकलत. भाऊजी ती हातात धरत. वहिनी म्हणत, "त्यात कसलं आलंय शौर्य? माश्यासुद्धा माणूस बघून चावतात."

घराच्या मागे वाळूची जुनी खाण होती. उपसा कधीच थांबला होता, पण खाणीची एक बाजू भिंतीसारखी ताठ उभी होती. दर वसंतात त्या भिंतीत बिळं करायला राघूंचा थवा यायचा. हे पोपट नव्हेत. लोक ज्यांना वेडे राघू म्हणतात, त्यांच्यातले हे लांबून येणारे, अंगाने मोठे. पाठ तांबूस, गळा पिवळाधमक, पोट निळं-हिरवं, डोळ्यांवरून काळी पट्टी, चोच बाकदार. समुद्र आणि वाळवंट ओलांडून येत आणि आल्या आल्या तारेवर रांगेने बसून वहिनींच्या माश्या टिपायला लागत. माशी पकडायची, तारेवर आपटायची, नांगी घासून काढायची आणि गिळायची. हे इतक्या निवांतपणे, की जणू त्यांच्या आजोबांनीच पेट्या ठेवल्या होत्या.

"अंगावर सगळे रंग आणि धंदा चोरीचा," वहिनी म्हणत. "नटवे मेले! नट्टापट्टा करून खायला कुठे यायचं, तर विधवेच्या दारात."

साध्या माश्या गेल्या तर त्यांचं एवढं बिघडत नसे. पण कुवार राणी मिलनासाठी उघड्या आभाळात उडते, तिचे ते मोजके दिवस नेमके राघूंच्या मोसमात यायचे. महिनाभर जपलेली राणी पेटीतून बाहेर पडायची आणि वहिनींच्या डोळ्यांदेखत तारेवर आपटली जायची. अशा वेळी वहिनी ज्या शिव्या देत, त्या भाऊजींनी टपालखात्यातही ऐकल्या नव्हत्या.

म्हणूनच मधपाळ संघाचे अध्यक्ष आले, तेव्हा त्यांना वाटलं की काम झाल्यातच जमा आहे. या गृहस्थांचं नाव वहिनींनी 'पाकवाले' ठेवलं होतं, कारण त्यांच्या मधाच्या बाटलीत तळाशी साखर बसे. त्या वर्षी त्यांच्या निम्म्या पेट्या मेल्या होत्या. पाकवाल्यांना दोषी सापडायला वेळ लागला नाही. आरशात कोण बघतो? ते दोन सभासदांना घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसले. वहिनी टेबलावर पिंजऱ्यांना जाळी ठोकत होत्या आणि भाऊजी कोपऱ्यात उगाच चहाचा कप विसळत होते.

"संघाचा ठराव झालाय," पाकवाले म्हणाले. "तुमच्या खाणीतली सगळी बिळं सिमेंटने बुजवायची. गवंडी आमचा, सिमेंट आमचं. तुम्ही फक्त हो म्हणा."

"कधी?"

"याच आठवड्यात. आत्ता पिल्लं आहेत बिळात. एकदम काम तमाम."

वहिनींची हातोडी थांबली. "म्हणजे आत पिल्लं असताना दारं लिंपायची?"

"मग काय! मुळावरच घाव."

"चोर सापडला तर त्याच्या हातावर मारतात. त्याच्या पोरांच्या तोंडात माती कोंबत नाहीत. तुमच्याकडे काय पद्धत आहे मला माहीत नाही."

"अहो, पण सगळ्यांत जास्त शिव्या तुम्हीच देता त्यांना!"

"देते. शिव्या माझ्या, राण्या माझ्या आणि भिंतही माझी. तुमचं त्यात काय आहे? तुमच्या माश्या राघूंनी नाही मारल्या. तुम्ही त्यांचा सगळा मध काढून घेतलात आणि थंडीत पाक पाजलात. ती माश्यांची जात आहे, पाहुण्यांची नाही, की काहीही वाढलं तरी गोड मानून घेतील."

पाकवाल्यांचे कान लाल झाले. ते उठले. "ठीक आहे. मग यापुढे संघातला एकही माणूस तुमच्याकडून राणी घेणार नाही."

भाऊजींनी विसळलेला कप पुन्हा विसळायला घेतला. घर त्या राण्यांवर चाललं होतं. भाऊजींच्या पेन्शनीत दोघांचं भागणं कठीण होतं, हे वहिनींना त्यांच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

वहिनींनी पुढचा खिळा ठोकला. "नका घेऊ. तुमच्याकडे पाठवताना मलाच कसंतरी व्हायचं. सासर बघून मुलगी द्यावी म्हणतात."

ते गेल्यावर भाऊजींनी धीर करून विचारलं, "वहिनी, जरा गोडीने घेतलं असतं तर?"

"गोडीचं खातं त्यांच्याकडे आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही कप विसळा. एकच कप किती वेळ विसळाल? रंग जाईल त्याचा."

चार दिवसांनी वहिनी दाढ काढायला गेल्या, तेव्हा पाकवाले परत आले. बरोबर तेच दोघे, एक गवंडी आणि सिमेंटचं पोतं. फाटक ओलांडून ते सरळ खाणीत उतरले. भाऊजी धावत मागे गेले. भिंतीतल्या बिळांमधून पिल्लांची बारीक किरकिर येत होती. मोठे राघू चोचीत माश्या घेऊन वर घिरट्या घालत होते, खाली उतरायला धजत नव्हते. भाऊजी "थांबा" म्हणाले. पण भाऊजींचं "थांबा" हे शेजारच्या माणसालाही ऐकू येत नाही, तिथे चार माणसांना काय येणार!

गवंड्याने घमेलं काढलं. पाकवाले म्हणाले, "भाऊ, तुम्ही सावलीत जा. तुमच्या वहिनींचा तुम्हालाही जाच होतोच की."

भाऊजींना उत्तर सुचतं तेव्हा समोरचा माणूस घरी पोचलेला असतो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते सिमेंटच्या पोत्यावर जाऊन बसले.

"उठा," पाकवाले म्हणाले.

भाऊजी बसून राहिले.

"अहो उठा! हा काय पोरखेळ आहे?"

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी दोन्ही हातांनी पोत्याच्या कडा घट्ट धरल्या. एका सभासदाने त्यांचा दंड धरला आणि सोडून दिला. म्हाताऱ्या माणसाला ओढलं आणि काही झालं तर निस्तरणार कोण? संघात सगळे असले पराक्रमी. पिल्लं बिळात कोंडायला चौघे आले होते आणि एका म्हाताऱ्याला उठवायला त्यांतला एकही पुरेना. ऊन चढलं. गवंडी म्हणाला, "मला जेवणाआधी दुसरीकडे जायचंय. तुमचं ठरलं की बोलवा." त्याने घमेलं उचललं. तो चालायला लागल्यावर पाकवाल्यांना तिथे थांबण्यासारखं काही उरलं नाही. पोतं मात्र राहिलं, कारण त्यावर भाऊजी होते.

वहिनी आल्या तेव्हाही ते तसेच बसलेले होते. वहिनींचा गाल सुजला होता, तोंडात कापसाचा बोळा होता. त्यांनी पोतं पाहिलं, पावलांचे ठसे पाहिले, भिंत पाहिली. बोलण्यासाठी त्यांनी तोंडातला बोळा काढला.

"आयुष्यभर नुसते बसलात," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला."

याहून मोठी शाबासकी भाऊजींना वहिनींकडून ना आधी मिळाली ना नंतर.

त्या पोत्यातून वहिनींनी न्हाणीघराची फरशी नीट करून घेतली. संघाने मात्र शब्द पाळला. दुसरं काही त्यांना पाळता येत नव्हतं, माश्यासुद्धा नाही, पण हे पाळलं. राण्यांची मागणी आटली. रिकामे पिंजरे कोपऱ्यात साठत गेले. एक दिवस भाऊजींनी पाहिलं, वहिनी ते चुलीत घालत होत्या. "चांगलं वाळलेलं लाकूड आहे," त्या म्हणाल्या. "पाणी लवकर तापतं." त्या हिवाळ्यात वहिनींनी हातमोजे शिवायचं काम धरलं. शिवताना त्या गिऱ्हाइकांच्या बोटांची निंदा करत.

मग पक्षी वाचवणारे आले. वाचवून झाल्यावर येण्याची त्यांची रीतच असावी. पालापाचोळ्याच्या रंगाच्या टोप्या, तोफेएवढे कॅमेरे. त्यांच्या मंडळाने वहिनींना मानपत्र दिलं. एकाने हात जोडून विचारलं, "हे पक्षी तुम्हाला आवडायला लागले ते केव्हापासून?"

"अजून लागायचेत," वहिनी म्हणाल्या.

सगळे खूप हसले. वहिनींना विनोद करता येत नाही, हे त्यांना कुठून कळावं?

त्यांच्यातली एक अभ्यासक बाई त्यातल्या त्यात बरी होती. टोपी नव्हती आणि बोलायची कमी. तिने सांगितलं की एखाद्या राघूचं घरटं मोडलं किंवा जोडी जमली नाही, तर तो भावाच्या बिळावर जातो आणि त्याच्या पिल्लांना भरवतो. वहिनींनी भाऊजींकडे वळून पाहिलं. "ऐकलंत? त्यांच्यातही दीर असतात. पण येताना चोचीत काहीतरी घेऊन येतात."

मंडळाने खाणीच्या तोंडाशी 'संरक्षित वसाहत, शांतता राखा' असा फलक लावला. फलक वाचून गर्दी यायला लागली. चांगला फोटो मिळावा म्हणून शांतता राखणारी ही माणसं बरोबर भिंतीच्या माथ्यावर उभी राहत. एका दुपारी त्यांच्या वजनाने कड ढासळली आणि खालची बिळं बुजली. वहिनी पाण्याची नळी घेऊन धावल्या. कॅमेरेवाले ओले होऊन पळाले. वहिनी आणि भाऊजींनी हातांनी वाळू उपसली. काही बिळं उघडली, काही नाही. न उघडलेल्या एका बिळाची राघीण संध्याकाळपर्यंत तिथेच फडफडत होती. वहिनी तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "पाकवाले निदान शत्रू म्हणून तरी आले होते."

दुसऱ्या दिवशी भिंतीच्या माथ्यावर काटेरी झुडपांचं कुंपण पडलं. फलक वहिनींनी उपटला आणि एका गळक्या मधपेटीवर छप्पर म्हणून टाकला, अक्षरं खाली करून.

पावसाने आणि थंडीने भिंत खचते, तिच्यावर गवत माजतं. मग राघू तिच्यात बिळं करत नाहीत, त्यांना ताजी उभी वाळू लागते. म्हणून दर वर्षी थवा यायच्या आधी वहिनी फावड्याने भिंत तासत. "त्यांच्यासाठी नाही," त्या न विचारता सांगत. "ओंगळ दिसते म्हणून." घराला रंग देऊन किती वर्षं झाली होती, हे भाऊजी त्यांना कधी विचारू शकले नाहीत. पुढे वहिनींना धाप लागायला लागली. फावडं भाऊजींच्या हातात आलं आणि वहिनी वरून खुर्चीत बसून त्यांच्या कामाला नावं ठेवू लागल्या. उन्हाळा सरता सरता एका सकाळी तारा रिकाम्या दिसत. "गेले," वहिनी म्हणत. "भाडं नाही, निरोप नाही." आणि त्या दिवशी त्या हातमोज्यांचं काम लवकर आवरत.

शेवटच्या वसंतात डॉक्टरांनी अंगणात उतरायच्या पायऱ्यादेखील मना केल्या. भाऊजींनी खुर्ची मागच्या दाराशी आणून ठेवली. तिथून खाण दिसत नाही. त्या सकाळी भाऊजी घामाघूम होऊन वर आले, तेव्हा वहिनी कान देऊन बसल्या होत्या. दुपारी त्या खुर्चीतच गेल्या. पण हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं, त्यामुळे बोलणं झालं ते नेहमीचंच.

"आवाज येतोय," वहिनी म्हणाल्या. "आले वाटतं."

"आलेत. तारेवर बसलेत."

"भिंत झाली?"

"डावीकडची थोडी राहिलीय."

"मग इथे कशाला उभे आहात? तोंड वासून बघायला तुम्ही काय मंडळातले?"

"पाणी प्यायला आलो होतो, वहिनी."

"प्या. आणि झाल्यावर फावडं धुऊन ठेवा. गेल्या वर्षी तसंच टाकलं होतंत."

"ठेवतो," भाऊजी म्हणाले.