सुपडूच्या ओठावरची खूण

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. घरातलीपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही, आणि ज्याच्यापाशी बोलायला हवं होतं त्याच्यापाशी तर नाहीच. तो आता नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ उचलत नाही. पण थांबा, एकदम नाही सांगता येणार. जरा लांबून येऊ द्या.

मी चित्रं काढतो. कुणाच्या पगारावर नाही. बोलावणं आलं की डबा-कुंचले उचलायचे आणि निघायचं. धरणगावपासून दोंडाईच्यापर्यंत रेल्वेच्या दोन्ही अंगांना माझा हात लागला नाही असं गाव सापडायचं नाही. लग्नसराईत दर्शनी भिंतीवर हत्ती आणि चोपदार. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आटपली की छापखान्याची कामं, म्हणजे पोथ्यांतली चित्रं, देवांची कॅलेंडरं. पावसाळ्यात रंग वाळत नाही, कागद फुगतो, आणि मी घरात दिसेल त्याच्यावर खेकसत असतो. पोळ्याला लोक बैल घेऊन दारात उभे, "पेंटर, शिंगांवर जरा नक्षी काढा." जसा काही मी बैलांची शिंगं रंगवायलाच जन्माला आलो! तरी काढतो, आणि चांगली काढतो. मग गणपतीमागचे पडदे, आणि दिवाळीनंतर कपाशी आली की सरकी काढणाऱ्या जिनवाल्यांना कापसाच्या गठाणींवर छाप हवे असतात. एकाला मोर, तर शेजारच्याला लगेच त्याहून मोठा मोर.

या सगळ्या चित्रांत एक गोष्ट आहे. ती कुणाच्या लक्षात आली नाही, आणि आली असली तरी कुणी बोललं नाही. माझा राम, माझा कृष्ण, भिंतीवरचा चोपदारसुद्धा, सगळ्यांचा चेहरा एकच. तो सुपडूचा.

सुपडू आमच्या गल्लीतला. माझ्याच वयाचा. दिवाळी ते होळी तो जिनात कपाशी ओढायचा, आणि जिन बंद झालं की माझ्या ओसरीवर येऊन बसायचा. लांब नाक, रुंद कपाळ, डोळे किंचित आत. असा चेहरा फुकटात समोर बसलेला असताना मी दुसरा कशाला शोधू? बसायचाही कसा, हलायचं नाव नाही! तासभर धनुष्य म्हणून लाटणं धरून बसलाय. पंधरा-वीस वर्षं काढल्यावर मला त्याच्याकडे बघावंही लागत नव्हतं.

फक्त एक गोष्ट मी कधी काढली नाही. त्याच्या वरच्या ओठावर, डाव्या बाजूला, एक आडवी खूण होती. लहानपणी विटी लागलेली. विटी मीच मारलेली. देवाच्या ओठावर खूण कशी चालेल? सुपडू चिडवायचा, "वा रे काशिनाथ! देवले मन्हं तोंड देस, आनि खूण तेवढी मन्हाकडेच ठेवस!" आणि स्वतःच खदाखदा हसायचा.

बघा, मी पुन्हा त्याच्या हसण्यावर आलो. पुढचं सांगायचं आलं की मी असाच वळतो.

बेचाळीसच्या श्रावणात गावात प्रभातफेऱ्या निघत होत्या. मी काही शूर माणूस नाही. पण माझं अक्षर चांगलं, म्हणून दोघे जण येऊन मांजरपाट ठेवून गेले, 'चले जाव' लिहायला. घरातली सणाला माहेरी गेलेली. मी कडी लावून घेतली आणि मदतीला सुपडूला बोलावलं. दुपारपासून दिवेलागण होऊन गेली तरी तो माझ्या घरात होता. कापड ताणून धरत होता, रंग ढवळत होता, आणि मी पुन्हा उठून कडी चाचपली की म्हणत होता, "कायले भ्यास रे?"

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीलाच, गावाबाहेरच्या रेल्वे फाटकाजवळ तारायंत्राची तार कुणीतरी तोडली.

कोणी तोडली ते मला आजही माहीत नाही. कोणी तोडली नाही, ते मात्र माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी फौजदाराचं बोलावणं आलं. आत गेलो तर कोपऱ्यात मीच लिहिलेली 'चले जाव'ची एक पट्टी गुंडाळून ठेवलेली. झालं, म्हटलं, संपलं! पण फौजदार गोड बोलला. फाटकवाल्यानं पळणारा माणूस पाहिलाय, तो सांगेल तसा चेहरा काढा, एवढंच. फौजदार बाहेरून नवा आलेला, असल्या युक्त्या त्याच्या डोक्यात कुठून आल्या कोण जाणे. मी खाली बसलो. फाटकवाला बिचारा काय सांगणार? अंधारून आलेलं, माणूस पळत होता. "नाक व्हतं," म्हणे. नाक कुणाला नसतं? एक कागद झाला, दुसरा झाला. तो मान हलवत राहिला. मग फौजदारानं पट्टीकडे पाहिलं आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "पेंटर, तुमचं अक्षर फार सुंदर आहे म्हणतात. खरं का?"

तिसऱ्या कागदावर मी सुपडूचा चेहरा काढला.

हात आपोआप गेला — पाच वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलोय. सवयीचा हात, सवयीचा चेहरा. आणि नुसता चेहरा असता तर ते खरंही असतं कदाचित, कारण चेहरा पाहूनही फाटकवाला गप्पच होता. लांब नाकाची, रुंद कपाळाची माणसं गावात काय थोडी आहेत? पण मला तिथून सुटायचं होतं. चित्र खरं वाटायला एखादी खूण लागते, हे मला धंद्यातून ठाऊक. मी पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं. हो, टोक काढलं, तेवढा वेळ होता माझ्याकडे. आणि वरच्या ओठावर, डाव्या बाजूला, ती आडवी रेघ ओढली. कुणी विचारली नव्हती ती.

"हाऊच शे तो!" फाटकवाला उठून उभा राहिला. "सायेब, हाऊच!"

आणि मला बरं वाटलं. खरं सांगतो, चित्राला दाद मिळाली की वाटतं तसंच बरं वाटलं. शिपाई मागून वाकून म्हणाला, "अहो साहेब, हा तर जिनातला सुपडू." माझी पट्टी कोपऱ्यात तशीच होती. मला जा म्हणाले, मी आलो. प्रत्येक चित्राखाली माझं नाव टाकल्याशिवाय मी कागद हातावेगळा करत नाही. त्या एका चित्राखाली टाकलं नाही.

संध्याकाळी त्याला धरून नेलं, माझ्या ओसरीसमोरूनच. मी दारात उभा होतो. त्यानं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. त्याचा अर्थ मला लगेच कळला: तू भिऊ नकोस, मी बोलणार नाही. आणि बोलला नाही. त्या दिवशी कुठे होतास, म्हणून त्याला किती मारलं ते साऱ्या गल्लीला माहीत आहे. "काशिनाथकडे होतो" एवढं म्हटलं असतं तर? माझं नाव यायला नको म्हणून तो 'रानात गेलो होतो' म्हणत राहिला. बायकोलाही त्यानं तेच सांगितलं. आणि मी? दोन गल्ल्या ओलांडून ठाण्यात जायचं आणि म्हणायचं, तो माझ्या घरी होता, ही रेघ माझी आहे. दोन गल्ल्या हो! त्या काही मला ओलांडता आल्या नाहीत. त्याला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पहिल्याच पावसाळ्यात तुरुंगात तापानं गेला. चित्र कोणी काढलं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर माझा हात माझा राहिलेला नाही. त्या भाद्रपदात पडद्यावर राम काढला, आणि मागे सरून पाहतो तो ओठावर खूण. मी ती काढली नव्हती. खरवडली, सफेता फिरवला. वाळल्यावर पुन्हा दिसायला लागली. दुसरा चेहरा काढून पाहिला, बाईचा काढून पाहिला. डोळे-नाक निराळं, पण ओठाशी आलो की कुंचला तिथेच टेकतो. आता मी मोरच जास्त काढतो. मोराला ओठ नसतात.

हे सगळं मी माझ्याबरोबरच घेऊन गेलो असतो. पण यंदा झेंडा बदलला, आणि गावकरी तसबीर करायला सांगून गेले. तार तोडणाऱ्या आपल्या सुपडूची. चौकात लावणार, हार घालणार. नाही कसं म्हणू? काढली. या वेळी खूण मुद्दाम काढायची होती, तर हात उठेना. दोन दिवस लागले.

लावण्याआधी सोनावहिनी बघायला आल्या. सुपडूची बायको. पाच वर्षं दुसऱ्यांच्या शेतात निंदणी करून वाकलेली. तसबिरीपुढे बसल्या. ओठावरच्या खुणेवर बोट टेकवलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "भाऊ, तुम्हले तरी सांगं व्हई त्यासनी. खरंच तोडी का हो तार?"

तो कुठे होता हे जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक तसबिरीत होता.

मी म्हणालो, "हो वहिनी. त्यानंच तोडली."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "मंग फुकट नही गयात ते," म्हणाल्या, आणि जाताना माझ्या पाया पडल्या.

मी पाय मागे घेतले नाहीत.