अडकलेला पडदा आणि कोनची धवलारीण

फोनवर 'खट्' असा आवाज आला. तो आवाज भिवंडीत कुणालाही कळतो. कारखान्यातले सगळे माग एकदम बंद करायला मोठं बटण खाली ओढतात, त्याला मेन पाडणं म्हणतात. आत्ता कोन गावातल्या एका घरात कुणीतरी मेन पाडला होता, आणि त्या घरात एक कॉम्प्युटर चालू होता, ज्याला हात लावू नका म्हणून मी घसा कोरडा करून सांगितलं होतं.

"कुणी पाडला? अरे, कुणी पाडला मेन?" मी शेअर रिक्षात बसल्या बसल्या किंचाळले. शेजारच्या बाईंनी आपली पिशवी मांडीवर घेतली. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "मॅडम, सब ठीक?" मी त्याला म्हटलं, "कुछ ठीक नहीं है, भैया, आप चलाओ."

धामणकर नाक्याजवळ मी गेली कित्येक वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवते. फोन होता माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. ती आता मानकोलीला एका गोडाऊनमध्ये बिलिंग करते. तिची सासू धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतची विधीची गाणी, म्हणजे धवले, गाणारी बाई. तिच्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. यंदाच्या लगीनसराईत मात्र तिने सगळ्यांना नाही म्हणून कळवलं होतं, कारण तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. दुसऱ्या दिवशी ठाण्याला ऑपरेशन होतं. जीव वाचेल, डॉक्टर म्हणाले होते, आवाजाचं सांगता येत नाही.

म्हणून सुनेने त्या दिवशी सुट्टी टाकली, घरच्या कॉम्प्युटरला माईक लावला आणि सासूला समोर बसवलं. म्हातारी सकाळपासून गात होती. येत होतं ते सगळं गायली. सुनेने रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम पूर्ण पडद्यावर पसरून ठेवला होता, मध्येच दुसरं काही उघडायला नको म्हणून. शेवटचं गाणं झालं, तिने बाहेर पडायला एस्केप दाबलं, आणि पडदा जागच्या जागी थिजला. आवाजाची हिरवी रेघ हलेना, माऊसने कुठलंच बटण दाबलं जाईना. आणि तोवर एकदाही जतन केलेलं नव्हतं! ऐकून मी हबकलेच. माझ्या क्लासमध्ये शिकलेली मुलगी!

तरी राग गिळून आधी विचारलं, "कॅप्स लॉक दाबून बघ. दिवा लागतो का?"

"लागतोय मॅडम. परत दाबला की जातोय."

"पडद्यावर माऊस दाबलास की काही वाजतं?"

"टुंग वाजतं. प्रत्येक वेळी."

मला जरा धीर आला. कीबोर्डचा दिवा लागतोय म्हणजे मशीन मेलेलं नाही. आणि ते 'टुंग' म्हणजे प्रोग्रॅमने काहीतरी विचारलंय आणि तो उत्तराची वाट बघतोय. फक्त प्रश्नाची खिडकी त्या पसरलेल्या पडद्यामागे दडली आहे. अशा वेळी लोक चिडून एंटर बडवतात, आणि न वाचलेल्या प्रश्नाला 'हो' म्हणून मोकळे होतात. मी तिला बजावलं, एंटर नाही, एस्केप नाही, काहीच नाही, मी येते. ती रडत होती, आणि रडणाऱ्या माणसाला फोनवरून सूचना देण्यावर माझा विश्वास नाही. फोन मात्र स्पीकरवर चालू ठेवायला सांगितला.

हे सगळं तिच्या नवऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो मागाच्या कारखान्यात दुरुस्तीचं काम करतो. मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा अडकला की आधी माग बंद करायचा, विचार नंतर. एका क्षणाचा उशीर झाला तर ताणलेला सगळा धागा तुटून जातो. त्याच्या हाताला दुसरं काही ठाऊकच नाही. माझ्या क्लासमध्ये मागवाल्या घरातली जितकी मुलं येतात, त्या प्रत्येकाचा हात पहिल्या दिवशी बटणाकडेच जातो. तो बाहेरून आला, बायकोला रडताना पाहिलं, "अडकलाय" एवढंच ऐकलं, आणि आईचा आवाज वाचवायला म्हणून धावत जाऊन मेन पाडला.

फोनवर एकदम सामसूम. पंखासुद्धा थांबलेला ऐकू आला. मला वाटलं, गेलं. आयुष्यभराचं गाणं एका झटक्यात गेलं.

आणि मग टीं, टीं, टीं असं काहीतरी वाजायला लागलं.

यूपीएस! कॉम्प्युटर घेतलास तर यूपीएससकट घे, असं मी तिच्या डोक्यावर बसून सांगितलं होतं, तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं होतं. "मेन वर करा!" मी ओरडले. "तो वाजायचा थांबायच्या आत मेन वर करा, मूर्खांनो!"

परत खट् झालं. टीं टीं थांबलं. पलीकडून तिच्या नवऱ्याचा अगदी बारीक आवाज आला, "मॅडम, मना वाटला..."

"काही वाटून घेऊ नका. भिंतीला पाठ लावून उभे राहा."

कल्याण रस्त्यावर कंटेनर एकामागे एक उभे होते. कोनच्या अलीकडेच रिक्षातून उतरून मी चालत सुटले. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. घरात शिरले तेव्हा तो खरंच भिंतीला पाठ लावून उभा होता, सून पदराने तोंड पुसत होती, आणि म्हातारी माईकसमोर स्टुलावर शांत बसली होती. घरात सगळ्यात आधी बोलली ती तीच.

"अगो, मास्तरनीला आधी पानी द्या. उनातशी आयली ती. माशीन काय पलून न्हाय चालली."

कुणी हललं नाही. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. म्हातारी भडकली. "आयकू येतंय का न्हाय? बाईमानूस उनातशी आयली न् तुमी बगत काय बसल्याव? पानी द्या!"

मी म्हटलं, "मावशी, पाणी नंतर. घशाला त्रास नका देऊ."

"उद्याच्याला देनार हाय डॉक्टर तरास. आज मना बोलू दे," ती म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

मी बसले. ऑल्ट धरून हळूच टॅब दाबलं. पडद्यावर चालू खिडक्यांची लहान लहान चित्रं आली, आणि त्यात एक इवलीशी राखाडी चौकट. तिच्यावर थांबून बोट सोडलं. चौकट पुढे आली. आत इंग्रजीत लिहिलं होतं, रेकॉर्डिंग सोडून बाहेर पडायचं का, जतन न केलेलं सगळं जाईल. आणि 'हो' हे उत्तर आधीच निवडून ठेवलेलं. एक एंटर, संपलं असतं. मी 'नाही'वर माऊस नेला, तिथेच आहे ना हे परत पाहिलं आणि दाबलं.

हिरवी रेघ हलायला लागली.

आधी मला समजेचना. रेघ हलतेय कशी? मग लक्षात आलं. रेकॉर्डिंग थांबलंच नव्हतं. पडदा थिजला होता, माईक नव्हता. मी ते थांबवलं, जतन केलं, पेन ड्राइव्हवर उतरवलं, आणि नीट उतरलंय का बघायला शेवटचा तुकडा लावला.

खोलीत माझाच आवाज घुमला. "मेन वर करा, मूर्खांनो!"

माझा आवाज इतका कर्कश आहे हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सगळं आलं होतं त्यात. सुनेचं रडणं, ती टीं टीं, धावणारी पावलं, आणि म्हातारीचं पाणी द्या, पाणी द्या. म्हातारी पोट धरून हसली, मग खोकला आला, मग सुनेने तिची पाठ चोळली. सुरुवातीपासून लावून पाहिलं, गाणी जशीच्या तशी होती. म्हातारीच्या मुलाने भिंत सोडली आणि तो ओटीवर जाऊन बसला. त्याचे खांदे हलत होते.

"शेवटचा गोंधळ कापून देते," मी निघताना म्हटलं.

"राहू दे मॅडम, बघू मागाहून," सून म्हणाली.

ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाजही गेला. गणपतीनंतर सून पेन ड्राइव्ह घेऊन क्लासवर आली, म्हणाली, "ते कापायचं होतं."

"हो, गोंधळ कापू या," मी म्हटलं.

"न्हाय मॅडम. गोंधळच ठेवायचाय. त्यातलं आयेचं बोलणं तेवढं काढून मोबाईलवर पाहिजे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. एवढा आटापिटा केला तो गाण्यांसाठी ना?

"गाणी जपून ठेवलीत," ती म्हणाली. "गावात अजून दोघीतिघींना येतात ती. पण आये घरात ओरडायची तशी कोण ओरडणार? ते रेकॉर्ड करायचं आमच्या डोक्यातच आलं न्हवतं." मग ती टेबलावर डोकं टेकून रडली. मीही रडले.

तुकडा काढून दिला. गाण्याला नेमकं किती जपायचं हे आम्हाला कळलं होतं, आणि रोजचं बोलणं आमच्या धांदलीत नुसतं सांडत होतं, ते एका न वाचलेल्या प्रश्नामुळे उरलं. अजूनही त्याचा विचार आला की मला धसकल्यासारखं होतं.

दिवाळीत मी कोनला गेले. म्हातारी ओटीवर बसली होती, गळ्याभोवती पांढरा रुमाल. मला पाहून तिचे डोळे हसले. तिने ओठ हलवले, काही आलं नाही. मग कमरेला खोचलेला मोबाईल काढला, तोंडाजवळ धरला आणि अंगठ्याने दाबलं.

"अगो, मास्तरनीला आधी पानी द्या. उनातशी आयली ती."

आतून मुलगा तांब्या घेऊन धावत आला. मी पाणी प्यायले. तांब्या अजून अर्धा होता, म्हातारीने परत दाबलं.